निम्म्या किमतीचा भूकंपमापक

कोयना खोऱ्यातल्या माणसाला जमीन हलली की दोन कामं करावी लागतात. आधी बाहेर पळायचं आणि मग आकडा सांगायचा. पळण्यात कुणाचं काही कौतुक नाही, ते कोंबड्यांनाही जमतं. खरी अब्रू आकड्यात. जमीन अजून नीट थांबलेली नसते तोवर अंगणात लुंगी सावरत कुणीतरी म्हणतं, "तीन." लगेच पलीकडनं उत्तर येतं, "न्हाई रं, अडीचच्या वर न्हाई." मग मोबाइलवर सरकारी आकडा येतो आणि ज्याचा अंदाज जवळचा निघेल तो पुढच्या हादऱ्यापर्यंत मान ताठ ठेवून हिंडतो. बाहेरगावचा पाहुणा बिचारा अजून देवाचं नाव घेत असतो आणि इथं दशांश चिन्हावरून वाद पेटलेला असतो.

मानसिंगराव चाळके हे या विद्येतले, स्वतःच्या मते, शेवटचे जाणकार. त्यांची सगळी नोकरी वीजगृहात मीटरचे काटे बघण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी कोयनानगरच्या अलीकडे, घाटाच्या एका वळणावर घर बांधलं. डाव्या हाताला सुभेदार गुंडा सपकाळ, फौजेतून पेन्शनीवर आलेले आणि आकड्याच्या बाबतीत मानसिंगरावांचे कट्टर वैरी. उजव्या हाताला जाफरभाई मुल्लांची पिठाची गिरणी, आणि गिरणीला लागूनच मिरची कांडायचा डंक. चैत्र लागला की आसपासच्या वाड्यांतल्या बायका भाजलेल्या मिरच्यांची गाठोडी घेऊन डंकापुढं रांग लावतात आणि दिवसभर धप्प धप्प चालू राहतं. पुण्यामुंबईची माणसं या वासानं शिंकतात. इथल्या माणसाला भूक लागते.

तर असाच एक किरकोळ हादरा झाला, मानसिंगराव म्हणाले, "दोन पॉइंट नऊ," सुभेदार म्हणाले, "दोन पॉइंट चार," आणि मोबाइलवर दोन पॉइंट चारच आला. मानसिंगराव तोंड पाडून घरात आले तेव्हा त्यांच्या मंडळी साळूबाई भाकरी थापत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "आपुन सांगलीला जाऊ. ऋषी लय मागं लागलाय. हितं रोज घर हलतंय."

ऋषिराज हा त्यांचा मुलगा. सांगलीत त्याचा फ्लॅट आहे, त्यात एक खोली आईवडिलांसाठी रिकामी ठेवलेली आहे, आणि दर फोनला तो त्या खोलीची आठवण करून देतो.

"रोज?" मानसिंगराव म्हणाले. "अगं, म्हैन्यातनं एखाद्या येळी हलतंय. बाकी तुझ्या मनात हलतंय."

"मला म्हाईत हाय रोज हलतंय त्ये."

"कशावरनं?"

"तुमचं कशावरनं न्हाई?"

आता संसार म्हटला की भांडणं असतातच, पण ती भाजीत मीठ किती यावरची. हे भांडण जमीन हलते की नाही यावर होतं, आणि ते सोडवायला दोन्हीकडची माणसं बोलावून उपयोग नव्हता. शेवटी मानसिंगरावच म्हणाले की आपण मशीन बसवू. अक्षय्य तृतीयेला ऋषिराज आणि सूनबाई यायचे होते. तोवर मशीन काय सांगेल ते दोघांनी मानायचं. रोज हलतंय म्हणालं तर गाशा गुंडाळून सांगली. नाही म्हणालं तर हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही.

"ठरलं," साळूबाई म्हणाल्या, आणि तव्यावरची भाकरी उलटली. मानसिंगरावांना तेव्हाच जरा धास्ती वाटली, कारण या बाईनं आजवर कुठलीही गोष्ट इतक्या चटकन मान्य केलेली नव्हती. सांगली त्यांना वाईट वाटत होती असं नाही. पण तिथं जमीन हलत नाही, आणि जिथं जमीन हलत नाही तिथं मानसिंगराव चाळके कोण? चौथ्या मजल्यावरचे म्हातारे आजोबा.

मशीनची कल्पना काही हवेतून आलेली नव्हती. मोबाइलवर त्यांनी एक व्हिडिओ बघितला होता. त्यात एक दाढीवाला तरुण पत्त्यांच्या डावाएवढा कॉम्प्युटर टेबलावर ठेवतो, त्याला नखाएवढा सेन्सर जोडतो, आणि हातातला चहा संपायच्या आत पडद्यावर हादऱ्यांची रेघ उमटू लागते. दाढीवाल्याचा तो कॉम्प्युटर, म्हणजे बोर्ड, महाग होता. पण त्याच दुकानाच्या पानावर खाली तसाच दुसरा दिसत होता. तोच आकार, तेवढ्याच पिना, तीच भोकं, आणि किंमत निम्मी. वीजगृहातल्या माणसाला स्पेअर पार्ट कळतात. भोकं जुळली की पार्ट बसतो. त्या बोर्डाखाली बारीक अक्षरात 'रिस्क-फाइव्ह प्रोसेसर' असं लिहिलं होतं, त्याच्याकडं त्यांनी साबणाच्या वडीवरच्या 'नवीन' या शब्दाकडं बघावं तेवढंच लक्ष दिलं.

बोर्ड यायच्या आधी परवानगीचं एक प्रकरण झालं. परवानगी काढल्याशिवाय काही सुरू करायचं म्हणजे मानसिंगरावांना आंघोळीशिवाय जेवल्यासारखं वाटायचं, तो नोकरीचा गुण होता. ते एका सरकारी कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी अर्ज तीनदा वाचला. "चाळके, मनाई असं काही नाही," ते म्हणाले, "पण खासगी भूकंपाची आपल्याकडं तरतूद नाही. समजा, तुमच्या यंत्रानं आमच्यापेक्षा एक भूकंप जास्त दाखवला. तो जादाचा भूकंप कुणाच्या नावावर टाकायचा?" मानसिंगरावांना हा मुद्दा पटला, इतका पटला की ते साहेबांचे आभार मानून बाहेर आले. अर्ज विचाराधीन राहिला. तो अजून आहे.

बोर्ड आला. सोबत एक चिटोरं होतं, त्यावर सगळं चिनी. बोर्डात लिनक्स, म्हणजे बोर्ड चालवणारी प्रणाली, भरायची तर मेमरी कार्ड लागतं, आणि घरात एकच कार्ड होतं, साळूबाईंच्या मोबाइलमधलं. मानसिंगरावांनी ते तात्पुरतं घेतलं. ऋषिराजच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स उतरवून घ्यायला ते गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून बसले, कारण रेंज फक्त तिथं. लिनक्स कार्डावर चढलं. कार्डावर आधी जे होतं ते उतरलं. त्यात ऋषिराजचं लग्न होतं, हळदीकुंकू होतं आणि साळूबाईंच्या आईचा शेवटचा फोटो होता. ऋषिराजकडं सगळ्याच्या प्रती निघाल्या म्हणून घर टिकलं. तरी साळूबाई पुढचे काही दिवस आमटी वाढताना वाटी जरा जोरात ठेवायच्या.

कार्ड घातलं, मोबाइलचा चार्जर लावला, टीव्हीला वायर जोडली. बोर्डावर लाल दिवा लागला. टीव्ही काळा तो काळाच. बातमी लागलीच दोन्ही शेजारी पोचली.

"लाल दिवा म्हंजी धोका," सुभेदार म्हणाले. "फौजेत आमाला पयला हेच शिकवत्यात."

"सुभेदार, लाल म्हंजी करंट येतोय," जाफरभाई म्हणाले. "माझ्या गिरणीचा दिवा लालच हाय. हिरवा कवा लागला तर मी घाबरतो."

"आणि ह्येचं नाव काय म्हणालात? रिस्क? मानसिंगराव, कंपनी सोता सांगतीया तरी तुमी घेतलं?"

मानसिंगरावांनी चार्जर काढून पुन्हा लावला. अपमान गिळायला त्यांना नेहमी जरा वेळ लागतो.

ऋषिराजला फोन केला तर तो म्हणाला, "आप्पा, असल्या बोर्डांसाठी इंटरनेटवर चर्चामंडळं असतात, तिथं विचारा." मानसिंगरावांनी विचारलं. इंग्रजीत, पण रीत सरकारी. वर विषय, खाली संदर्भ, 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की' इथपासून सुरुवात, आणि शेवटी 'आपला विश्वासू, सेवानिवृत्त'. जगभरातली पोरं जिथं दोन शब्दांत शंका टाकतात तिथं हा मजकूर पडला. उत्तर मात्र आलं. देणाऱ्याचं खरं नाव नव्हतं आणि फोटोच्या जागी एक मांजर होतं.

मांजराचं म्हणणं असं की तुम्ही चढवलेलं लिनक्स दुसऱ्याच जातीच्या प्रोसेसरचं आहे. दाढीवाल्याचा बोर्ड वेगळा, तुमचा वेगळा. भोकं जुळतात, भाषा जुळत नाही.

थोडक्यात, जतच्या बाजारातून कानडी मुलखात वाढलेला बैल आणायचा आणि त्याला मराठीत हाकायचं, तसं झालं होतं. बैलाचा दोष नाही, आणि हाकणाऱ्याला ते कुणी सांगितलेलं नाही.

मांजरानं योग्य लिनक्स कुठं मिळेल ते सांगितलं. मानसिंगराव परत टाकीपाशी जाऊन बसले. ते लिनक्सही चढवलं. पुन्हा लाल दिवा, पुन्हा काळा टीव्ही. मांजर म्हणालं, टीव्हीच्या नादाला लागू नका, बोर्ड चालू होताना आत काय पुटपुटतो ते ऐकायला सीरियलची वायर लावा. ती वायर पाटणला मिळाली नाही, कराडला दुकानदारानं रविवारी या म्हटलं, आणि शेवटी साताऱ्यात मिळाली. एका वायरीसाठी एसटीनं साताऱ्याला जाऊन आलेला माणूस घरात शिरताना जसा दिसतो तसे मानसिंगराव दिसत होते.

आता इथं खरी गंमत आहे. त्या वायरीला बोलायची एक पिन असते आणि ऐकायची एक. बोर्डालाही तशाच दोन. मानसिंगरावांनी बोलायची पिन बोलायच्या पिनेला जोडली आणि ऐकायची ऐकायच्या. उभा जन्म वीजगृहात गेलेला. तिथं लाल तार लालला आणि काळी काळीला. अदलाबदल केली की माणूस जातो, आणि गेलेली माणसं त्यांनी डोळ्यांनी बघितली होती. त्यामुळं जोडणी त्यांनी अशी चोख केली होती की वीजगृहाच्या कुठल्याही इंजिनिअरनं सही केली असती. लॅपटॉपच्या पडद्यावर एक अक्षर आलं नाही.

मांजर म्हणालं, उलटी जोडा.

"हे मांजर मला मारनार," मानसिंगराव म्हणाले. दोन दिवस त्यांनी ते ऐकलं नाही. मांजराला त्यांनी सुरक्षेच्या नियमांबद्दल एक लांबलचक पत्रही लिहिलं. मांजरानं पुन्हा तेच लिहिलं, उलटी जोडा.

साळूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "म्हंजी आत्ता काय झालंय?"

"आत्ता ह्ये बी बोलतंय आनि त्ये बी बोलतंय. एकाच तारंवर दोघं."

"आनि ऐकतंय कोण?"

"कोनच न्हाई."

"बरं," साळूबाई म्हणाल्या, आणि सुपातले दाणे पाखडले.

शेवटी देव्हाऱ्यापुढं हात जोडून, पायात रबरी चपला घालून, सुभेदारांना मेन स्विचपाशी उभं करून मानसिंगरावांनी तारा उलट्या जोडल्या. कुणी मेलं नाही. पडद्यावर अक्षरं धो धो यायला लागली. पण कसली? चौकोन, प्रश्नचिन्हं, उलटे कंस. जाफरभाई चष्मा लावून जवळ आले, बराच वेळ वाचल्यासारखं केलं आणि म्हणाले, "अरबी न्हाई येवढं मी सांगू शकतो." सुभेदारांचं मत पडलं की हा शत्रूचा गुप्त संदेश आहे आणि धरणाच्या इतक्या जवळ तो ठेवणं बरं नव्हे. ऐकायचा वेग चुकला होता, एवढंच. मांजरानं वेग सांगितला, आणि मग ओळीमागून ओळ, स्वच्छ इंग्रजीत, बोर्ड आपली हकिकत सांगू लागला. मानसिंगरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. यात खोटं काही नाही, साळूबाईंनी बघितलं आणि त्या उठून आत गेल्या.

मध्येच हकिकत बंद पडली. लाल दिवाही गेला. पुन्हा चालू केला, पुन्हा मध्येच बंद. हे काही तासांत इतक्या वेळा झालं की मानसिंगरावांनी ऑपरेटरच्या सवयीनं वेळा टिपल्या आणि मग कान टवकारले. पलीकडं डंकाची मोटर सुरू झाली की व्होल्टेज पडायचं, आणि मोबाइलच्या मरतुकड्या चार्जरवर जगणारा बोर्ड मान टाकायचा.

ते जाफरभाईंकडं गेले. मैत्री जुनी होती. जाफरभाईंनी डंक बंद केला. रांगेतल्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. मानसिंगरावांनी त्यांना लिनक्स म्हणजे काय ते समजावून सांगितलं, हीच चूक झाली. मनुबाई नावाची एक म्हातारी मेंढोशीहून आली होती. ती म्हणाली, "आवं दादा, तुमचं त्ये काय हाय त्ये उद्या बी उठंल. माझ्या मिरच्या आज भाजल्यात." बाकीच्या बायकांनी मग मानसिंगरावांच्या खानदानाची, भूकंपाची आणि वीज मंडळाची अशी काही विचारपूस केली की ते मागच्या बोळातून घरी आले. जाफरभाईंनी डंक सुरू केला आणि मानसिंगरावांनी मोठा चार्जर मागवला.

मोठ्या चार्जरवर बोर्ड पुरता उठला आणि त्यानं नाव विचारलं. नाव सांगितलं. पासवर्ड विचारला. लॅपटॉपला जोडलेल्या जुन्या कीबोर्डवर मानसिंगराव टाइप करू लागले तर पडद्यावर काही उमटेना. ना अक्षर, ना ठिपका. त्यांनी कीबोर्ड उलटा करून झाडला, त्यातून शेंगदाण्याची टरफलं पडली, तरी नाही. पाटणला जाऊन नवीन कीबोर्ड आणला, तरी नाही. लिनक्समध्ये पासवर्ड टाइप करताना काही दिसतच नाही, तुम्ही आपलं विश्वासानं टाइप करत राहायचं असतं, हे मांजराला इतकं साधं वाटत होतं की त्यानं ते आधी सांगितलंच नव्हतं. जुना कीबोर्ड आता साळूबाई माळ्यावरच्या डब्यांखाली टेकू म्हणून वापरतात.

मग दाढीवाल्याचा प्रोग्रॅम. तोही दुसऱ्या जातीचाच. बोर्ड म्हणाला, ही फाइल मला चालवता येत नाही. मांजर म्हणालं, तयार मिळणार नाही, मूळ कोड आणून तुमच्याच बोर्डावर बांधून घ्यावा लागेल. हे मात्र जाफरभाईंना लगेच समजलं. "म्हंजी बाहेरचं पीठ चालत न्हाई. जोंधळा आणायचा आनि हितंच दळायचा." ते दळण दिवसभर चाललं. बोर्ड इतका तापला की हात लावला तर चटका बसावा. घरात टेबलफॅन एकच. तो मानसिंगरावांनी बोर्डाकडं वळवला, आणि चैत्राच्या त्या उकाड्यात साळूबाई पदरानं वारा घेत दारात बसून राहिल्या. मानसिंगरावांनी मध्येच एकदा विचारलं, "लय तापलाय न्हवं?" त्या म्हणाल्या, "व्हय." ते बोर्डाबद्दल विचारत होते.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, फरशीवर सिमेंटनं बसवलेल्या सेन्सरची हिरवी रेघ पडद्यावर सरळ धावू लागली. मानसिंगरावांनी पेढे वाटले. सुभेदारांनी पेढा खाल्ला आणि जमिनीवर बूट आपटून बघितला. रेघ हलली. सुभेदारांना मान्य करावं लागलं.

दहा वाजता रेघ नाचायला लागली. हादऱ्यावर हादरे, एकसारखे, दिवसभर.

"बघा," साळूबाई म्हणाल्या. "म्हनलं न्हवतं, रोज हलतंय?"

"अगं, ह्यो जाफरभाईचा डंक हाय."

"मशीन काय म्हनंल त्ये मानायचं ठरलंय."

मानसिंगराव पुन्हा जाफरभाईंकडं गेले. जाफरभाई या वेळी दुखावले. "मानसिंगराव, तुमी माझ्या कांडपाला भूकंप म्हणता? माझ्या वडिलांच्या येळंपासनं डंक हाय. आजवर कुनाची कपबशी पडली न्हाई." त्यांची समजूत घालण्यात एक संध्याकाळ आणि बरेच पेढे गेले. ठरलं असं की अक्षय्य तृतीयेला सणाचा म्हणून डंक बंदच असतो, त्या दिवशीची रेघ तेवढी खरी धरायची. साळूबाईंनी यालाही हरकत घेतली नाही. फक्त माळ्यावरून एक बॅग काढून त्यांनी उन्हात टाकली. अंगणात जाताना मानसिंगराव त्या बॅगेला वळसा घालून जायचे. हरलो तर जावं लागेल, आणि शब्द त्यांनी स्वतःच दिला होता.

सणाच्या दिवशी ऋषिराज आणि सूनबाई प्रियदर्शनी सकाळीच गाडीनं आले. जेवणं झाली. आमरस झाला. सोप्यात टेबलावर बोर्ड, लॅपटॉपवर हिरवी रेघ, आणि रेघ सकाळपासून सरळ. सुभेदार आणि जाफरभाई साक्षीला येऊन बसले होते. मानसिंगराव पान लावत होते आणि त्यांना इतकं प्रसन्न वाटत होतं की त्यांनी सुभेदारांनाही पान दिलं. साळूबाई आत चहा ठेवत होत्या.

"आप्पा, मग आता निकाल काय समजायचा?" ऋषिराजनं विचारलं.

मानसिंगरावांनी तोंड उघडलं, आणि जमीन हलली.

साधासुधा हादरा नव्हता. खालून ट्रक गेल्यासारखा आवाज आला, फडताळातली भांडी वाजली, टांगलेला दिवा डोलला. सगळे उठून दाराकडं धावले. ऋषिराजनं प्रियदर्शनीचा हात धरला. मानसिंगराव दारापर्यंत गेले, थबकले, मागं वळले, टेबलावरचा बोर्ड वायरींसकट ओढून काढला आणि छातीशी धरून अंगणात आले.

"तीन पॉइंट दोन," सुभेदार म्हणाले.

"तीनच्या आत," जाफरभाई म्हणाले.

मग सगळ्यांनी मानसिंगरावांच्या छातीकडं बघितलं. लोंबणाऱ्या वायरी, खाली सिमेंटचा टवका, आणि बोर्डावर लाल दिवासुद्धा नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा खरा भूकंप आला होता, आणि तो मोजायच्या नेमक्या वेळी मोजणाऱ्यानं मशीन उपटून बाहेर आणलं होतं. सुभेदार हसायला लागले. जाफरभाईंनी तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलत होते. मानसिंगरावांनाही हसू यायला लागलं होतं.

"आई कुठाय?" ऋषिराज म्हणाला.

हसणं थांबलं. ऋषिराज धावला, पण तेवढ्यात घराच्या बगलेनं साळूबाई आल्या. परसदारानं बाहेर पडल्या होत्या. एका हातात पदरानं धरलेलं दुधाचं पातेलं, पाय अनवाणी. उन्हानं तापलेल्या मुरमावर त्या एकेक पाय उचलत उभ्या राहिल्या.

"आई, घाबरलीस?"

"मी कशाला घाबरू? लगीन होऊन आले त्या आठवड्यात पयला हादरा बघितला." पातेलं त्यांनी ओट्यावर ठेवलं. आवाज चढलेला नव्हता. "मला भूकंपाचं भ्या न्हाई, ऋषी. कवाच नव्हतं. पर दर येळी घर हलतंय, आनि ह्ये पळत भायेर. गॅस मी बंद करती. दूध मी उतरवती. भायेर येऊन बघावं तर ह्येंची पाठ माझ्याकडं, आनि भावजींसंगं आकड्यावर भांडन. इतकी वर्सं झाली, एकदा हाक मारली न्हाई. एकदा मागं वळून बघितलं न्हाई, ही भायेर आली का ऱ्हायली." त्या थांबल्या. "आज मागं वळलं. मला वाटलं, आज माझ्यासाठी वळलं. मी आतल्या दारातनं बघत हुते."

सुभेदारांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"सांगलीला लेक हाक तरी मारंल," साळूबाई म्हणाल्या. "येवढंच हुतं माझं. तुमी मशीन आनलं."

मानसिंगरावांना आयुष्यात बऱ्याच गोष्टी लागल्या होत्या. बढती हुकली ती लागली होती, दोन पॉइंट चार लागला होता, मनुबाईचे शब्द लागले होते. हे लागणं वेगळं होतं. कुठं लागलं ते त्यांना नक्की दाखवता आलं असतं. आपल्याला ही बाई हवी आहे, ती नसली तर हे घर, हे वळण, हे आकडे सगळं फुकट आहे, हे त्यांना स्वच्छ कळलं.

"साळू, चुकलं माझं," ते म्हणाले. शेजाऱ्यांसमोर, सुनेसमोर, आणि बायकोचं नाव घेऊन.

मग त्यांनी हातातला बोर्ड सुभेदारांच्या हातात दिला. सुभेदारांनी तो जिवंत बॉम्ब घ्यावा तसा दोन्ही हातांनी घेतला. मानसिंगराव घराकडं गेले. "आप्पा, आत जाऊ नका," ऋषिराज म्हणाला, पण त्यांना आत जायचं नव्हतं. पुढच्या पायरीवर साळूबाईंच्या चपला होत्या. त्या त्यांनी उचलल्या, अंगण ओलांडून आणल्या आणि खाली वाकून त्यांच्या पायांपुढं ठेवल्या. चाळक्यांच्या घरात कुणा पुरुषानं असलं काही केल्याचं ऐकिवात नव्हतं. गुडघा दुखत होता म्हणून त्यांना उठायला वेळ लागला, तेव्हा साळूबाईंनी दंडाला धरून उठवलं.

साळूबाईंनी चपला घातल्या. पदरानं तोंड पुसलं.

"मग आई," प्रियदर्शनी हळूच म्हणाली, "बॅग गाडीत ठेवू?"

साळूबाईंनी नवऱ्याकडं एकदा नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत.

"ऱ्हाऊ दे, पोरी," त्या म्हणाल्या. "ह्ये आत्ता कुठं चालू झाल्यात. जागा हलवली तर परत बंद पडतील."